तोंडाची साल, बाजारातली जागा

माझं काम बाहेर बसायचं होतं. आत डॉक्टर बसायचे, बाहेर मी. चिखलीच्या चामडीच्या दवाखान्यात झाडायला-पुसायला म्हणून लागले आणि गुडघे गेले तेव्हा निघाले. मधल्या काळात काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. त्यात कोणाला रस नाही, मलाही नाही. दिवाळी अंकवाले म्हणाले, आजी, गमतीजमती लिहा. चामडीच्या दवाखान्यात गमती कमी असतात, खाज जास्त असते. मी चौथी शिकलेली आहे. ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी सुधारून घ्यावं.

लोकांना वाटतं चामडीचा दवाखाना म्हणजे खरूज, नायटा आणि गजकर्ण. ते असतंच. पण बाकावर बसलेल्या माणसांत बरीच माणसं तोंडावरच्या पुटकुळ्यांची असायची. आणि ती सगळी कॉलेजातली पोरंपोरी नसायची. तिशीतल्या, पस्तिशीतल्या बाया यायच्या, चाळिशीतले बाप्ये यायचे. सतरा वर्षांच्या पोरीला पुटकुळ्या आल्या तर घरचे हसतात आणि सोडून देतात. पस्तिशीच्या बाईला आल्या की जो तो वैद्य होतो. कोणी म्हणतं उष्णता आहे, कोणी म्हणतं पोट साफ नाही, कोणी म्हणतं रक्त नासलं. मग ती बाई आधी कडुलिंबाचा रस पिते, मग किराणा दुकानातून गोरं करायची ट्यूब आणते. ट्यूब लावली की महिनाभर तोंड कसं लोण्यासारखं होतं. मग ते असं बिघडतं की आरशात पाहवत नाही. त्यानंतर ती आमच्याकडे यायची.

डॉक्टरांचं औषध गुणाचं होतं, पण जावयासारखं. घरात आलं की सगळ्यांनी त्याच्या तंत्रानं वागायचं. पोटात घ्यायची जी मोठी गोळी असते ती अंगातलं तेलच आटवते. तेल आटलं की पुटकुळ्या आटतात, पण ते काही फक्त तोंडाचं आटत नाही. ओठ उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखे फाटतात. नाकाला कोरड पडून रक्त येतं. डोळ्यांत रेती गेल्यासारखं होतं, कंबर धरते. रात्री लावायचं मलम वेगळं, त्यानं तोंडाची साल निघते. पहिल्या महिन्यात पुटकुळ्या कमी व्हायच्या ऐवजी वाढतात. ऊन सहन होत नाही. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे ती गोळी चालू असताना बाईला दिवस जाता कामा नयेत. गेले तर पोटातल्या लेकराचं वाटोळं होतं.

डॉक्टर हे सगळं सांगायचे. चांगलं सांगायचे, न चिडता सांगायचे. पण आत बाईच्या बाजूला नवरा नाहीतर सासू बसलेली असायची. बाई नुसती मान हलवायची आणि पडद्याबाहेर आली की मला विचारायची, "काय म्हनले वं मावशी?" तर माझं खरं काम इथून सुरू व्हायचं. मी आधी नवऱ्याला चिठ्ठी देऊन खाली मेडिकलवर पाठवायची. तो जिना उतरला की बाईला विचारायची, पाळी कधी आली, ऑपरेशन झालं का, काही वापरता का. सासू असली तर तिला पाणी आणायला पाठवायची. ही पद्धत डॉक्टरांनीच घालून दिली होती. ते परगावचे, त्यात बाप्ये. त्यांच्यासमोर आमच्याकडच्या बाया अशा गोष्टीला नुसतं हो म्हणतात, आणि ते हो काही खरं नसतं.

समजावूनही लोक काय करतील ते सांगता येत नसे. एक मास्तर होते. मलम हरभऱ्याएवढं घ्यायचं आणि पातळ लावायचं असं सांगितलं होतं. त्यांच्या घरी लग्न होतं, तर लवकर गुण यावा म्हणून त्यांनी भिंतीला चुना द्यावा तसं दोन्ही वेळा थापलं. लग्नात ते तोंडाला रुमाल बांधून फिरले आणि पाहुणे समजले की दाढ काढली. दुसरी एक बाई साखरखेर्ड्याकडची. तिला साध्या पुटकुळ्यांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या भरपूर पाण्यासोबत घ्यायच्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही. मधेच हरतालिका आली. हरतालिकेला ती पाण्याचा थेंब घेत नाही. गोळी चुकवायची नाही असं मीच बजावलं होतं. मग तिनं उपासाचंही राखलं आणि माझंही. गोळी कोरडीच गिळली आणि निजली. गोळी नरड्यातच अडकून तिथंच विरघळली. त्यानंतर पाणी प्यायलं तरी छातीत निखारा उतरतो म्हणत होती. मी तिला म्हटलं, गोळी एक दिवस राहिली असती तर काय झालं असतं? ती म्हणाली, "तुम्ही चुकवू नको म्हनलं ना." तेव्हापासून सणवार पाहून गोळ्या सांगायला लागले.

पण मला आज सांगायचं आहे ते अमडापूरच्या कांचनचं.

मी अमडापूरचीच. एसटीनं चिखलीला जायची-यायची. चामडीच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला गावात एक गोष्ट पाळावी लागते. दवाखान्यात पाहिलेलं माणूस रस्त्यात दिसलं तर ओळख द्यायची नाही. ताप आला होता, हात मोडला होता हे लोक चारचौघांत सांगतात. चामडीचं कोणी सांगत नाही. मला पाहून बाया बसस्टँडवर तोंड फिरवायच्या आणि मी वाईट वाटून घ्यायची नाही. कांचन माझी रोजची ओळखीची. बाजारात मी वांगी, मेथी तिच्याकडूनच घ्यायची. ती एका दिवशी डोक्यावरून पदर घेऊन जिना चढून वर आली, मला पाहिलं आणि परत वळली. मी खाली पाहून फडकं पिळत बसले. मग ती आली आणि बाकाच्या टोकाला बसली. नवरा मागून आला. शांत माणूस होता.

तिला जबड्याच्या कडेनं गाठी आल्या होत्या. वरून लाल आणि आत कडक. दोन लेकरांची आई, पस्तिशीच्या आसपासची. तोंड सुंदर करायला ती आली नव्हती. भाकर चावताना कळ यायची, म्हणून आली होती. त्याआधी ट्यूब, कडुलिंबाचा रस सगळं झालेलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासून मोठी गोळी दिली आणि रात्रीचं मलम दिलं. नवरा मेडिकलवर गेला, मी विचारायचं ते विचारलं. ऑपरेशन धाकट्याच्या वेळीच झालेलं होतं. तेवढी एक काळजी नव्हती. मग मी नेहमीचं सगळं सांगितलं. गोळी जेवणानंतर घे. ओठाला दिवसभर तूप लाव. तोंड घासू नको. बेसन नाही, हळद नाही, लिंबू नाही. पहिल्यांदा वाढेल, घाबरू नको. उन्हात बसू नको.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "अन् बाजाराचं?"

"सावलीत बस."

"सावली सकाळीच राह्यते मावशी. गिऱ्हाइक उन्हात येते."

हे मला माहीत होतं, तरी मी सावलीत बस म्हटलं. सगळ्यांना तेच म्हणायची. निंदायला जाणाऱ्या बायांनाही म्हणायची. सावली कुठून आणायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आमच्या आठवडी बाजारातल्या जागेचं बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. ओट्यांवरच्या दुकानांचं वेगळं. खाली पोतं टाकून बसणाऱ्यांची जागा कोणाच्या नावावर नसते. जो दर बाजाराला येऊन बसतो त्याची ती. एखादा बाजार चुकला तर शेजारचे दोघं आपापल्या टोपल्या जरा सरकवून जागा धरतात. दुसरा चुकला तरी धरतात. पुढं मात्र धरत नाहीत. रिकामी जागा गावाची. कांचनची जागा कडुलिंबाच्या बाजूच्या वळणावर होती, बसस्टँडकडून येणारं माणूस आधी तिच्याच टोपल्यांवर येऊन थडकायचं. ती जागा तिच्या सासूची. म्हातारी थकली तेव्हा मोठ्या सुनेला, शोभाला, म्हणाली होती की तू बस. शोभा तेव्हा म्हणाली, "मी नाई बसत रस्त्यावर." म्हणून जागा धाकटीला आली. घरच्या मळ्यातला माल, दोन्ही घरांचा, कांचनच विकायची. घरात तिला जी काही किंमत होती ती या जागेमुळे होती. तिच्या नवऱ्याच्या वाट्याला कमी पाण्याचा लहानसा तुकडा आलेला, विहिरीचा मळा थोरल्याकडे. हे सगळ्या गावाला माहीत होतं.

औषध चालू झाल्यावर थोड्याच दिवसांत तिच्या तोंडाची साल निघायला लागली. ते अपेक्षित होतं. पण बाजाराच्या दिवशी सालीचे पापुद्रे घेऊन कसं बसायचं म्हणून तिनं पहाटे बेसन-हळद कालवून तोंड घासून काढलं. पापुद्रे गेले आणि खालचं कच्चं मांस उघडं पडलं. त्यावर दुपारचं ऊन. मी पिशवी घेऊन गेले तेव्हा तिचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं दिसत होतं. ओठांच्या कोपऱ्यांत चिरा होत्या आणि त्यामुळे तिला हाक देता येत नव्हती. भाजीवालीला हाक देता येत नाही म्हणजे अर्धा धंदा गेला.

एक बाई भेंडी निवडत होती. तिनं मान वर करून कांचनकडे पाहिलं आणि हातातली भेंडी एकेक करून परत टोपलीत ठेवली. शेजारी सोनाजी आबा लसूण-कांदा घेऊन बसायचा. त्याचं तोंड कधी बंद नसायचं. तो त्या बाईच्या पाठीकडे पाहत म्हणाला, "कांचन, तुह्या तोंडाले काय लागलं तं सांगून टाक बाप्पा. माह्या लसनालेही कोनी हात लावून नाई राह्यलं."

"उष्णता आहे आबा."

"उष्णतेनं साल निंगते का? माह्या बैलाची निंगाली होती, त्याले डॉक्टरनं येगळं बांधाले लावलं होतं."

आजूबाजूचे हसले. कांचनही हसायला गेली आणि ओठ फुटून रक्त आलं. मी तिच्याकडून भेंडी घेतली, मेथी घेतली, जास्तच घेतली. बोलायला तोंड उघडलं तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पिशवी उचलली आणि निघाले.

पुढच्या खेपेला ती दवाखान्यात एकटीच आली. मी तिला व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही, औषधाची साल आहे, महिन्या-दोन महिन्यांत बसेल. माझं लोक ऐकतील.

ती म्हणाली, "नका सांगू."

"काऊन?"

"काय सांगसान? पुटकुळ्याइच्या गोळ्या खाऊन राह्यली म्हनसान. मंग शोभाबाई काय म्हनंल? पोरगी न्हातीधुती व्हाले आली अन् माय थोबाड सजवून राह्यली म्हनंल. कोनासाठी सजवून राह्यली, हेबी इचारंल. रोग म्हनलेला पुरला मावशी. रोगाले कोनी हासत नाई."

तिचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. आमच्याकडे बाईनं पोटासाठी, गुडघ्यासाठी, दातासाठी डॉक्टर केला तर ठीक. तोंडासाठी केला की तिच्याबद्दल बोलायला गाव मोकळं. गाठी दुखतात हे कोणी विचारत नाही.

आत ती डॉक्टरांना म्हणाली, गोळी बंद करू का? डॉक्टरांनी तोंड नीट पाहिलं. बेसनाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, पण ओरडले नाहीत. गोळीचा जोर कमी करून दिला, मलम काही दिवस बंद आणि मग एक दिवसाआड. वर लावायला साधं चिकट मलम दिलं. म्हणाले, बंद करायची तर तुमची मर्जी, पण अर्ध्यावर सोडलं तर गाठी परत येतील. थोडे आठवडे उन्हात गेला नाहीत तर हे तोंड बरंच शांत होईल. त्यांचं बरोबर होतं. पुढं झालंही तसंच.

थोडे आठवडे म्हणजे किती बाजार, हा हिशेब मात्र कांचनला एकटीलाच करायचा होता. जागा रिकामी ठेवता येत नव्हती. नवरा बसला असता, पण तो बोलका नाही. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की तो देऊन टाकायचा. शेवटी ती शोभाकडेच गेली. बाई, चार-सहा बाजार माझी जागा धरून बसा, तोंड बरं झालं की मी येते. शोभा म्हणे आढेवेढे न घेता हो म्हणाली. मला हे कांचननंच सांगितलं आणि सांगताना तिला हायसं वाटलेलं दिसत होतं. मला वाटलं नाही. पण जावाजावांच्या मधे मी का बोलू?

शोभा बसली. आणि खरं सांगायचं तर ती कांचनपेक्षा चांगली विकायची. रस्त्यावर बसायची लाज वाटणाऱ्या त्या बाईचा आवाज असा लागला की बसस्टँडवरच्या माणसाला ऐकू यावा. मेथीची जुडी हातात घेऊन ती बाईच्या नाकापाशी न्यायची, म्हाताऱ्याला आबा, तरण्याला दादा, मास्तरणीला मॅडम. टोपल्यांवर ओलं फडकं टाकायची, तिनं छत्रीही आणली. मोठी, रंगीबेरंगी. ती छत्री कांचनला इतकी वर्षं सुचली नव्हती आणि मला तर नाहीच. मी तिच्याकडून भाजी घेतली तेव्हा मनात वाईट विचार आला की कांचनची जागा गेली.

तोंडाचं पुढं चांगलं झालं. गाठी बसल्या. आधी साल गेली, मग लाली उतरली. ओठ तेवढे कोरडे राहिले, ते गोळी चालू आहे तोवर राहणारच. नाकातून एक-दोनदा रक्त आलं तेव्हा घाबरून आली होती. मी तिला नाकात तुपाचं बोट फिरवायला सांगितलं आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गुडघे दुखतात म्हणाली, मी म्हटलं माझेही दुखतात आणि मी कोणती गोळी खात नाही. ती हसली. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं, तोंड चांगलं झालं होतं. जबड्यावर खड्डे राहिले, पण दुखत नव्हतं. भाकर खाता येत होती.

मग तिनं शोभाला म्हटलं की या बाजारापासून मी बसते. शोभा म्हणाली, अजून लाल दिसतं, या खेपेला राहू दे. पुढच्या खेपेला म्हणाली, सणाचा बाजार आहे, गर्दीत तुला झेपायचं नाही. त्यानंतर म्हणाली, लोक अजून विचारतात तिचा रोग बरा झाला का, तू बसलीस तर दोघींचाही माल पडून राहील. आणि रोग नव्हता हे कांचनला म्हणता येईना. म्हटलं असतं तर मग काय होतं ते सांगावं लागलं असतं. ती स्वतःच बांधलेल्या गाठीत अडकली. नवऱ्यानं थोरल्याला विचारून पाहिलं. थोरला म्हणाला, बायकांच्या भानगडीत आपण पडू नये. मालही त्याच्याच मळ्यातला.

ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गाठी परत आल्या तरी चालते मावशी. जागा पाह्यजे."

मी म्हटलं, आता गाठी परत आल्यानं जागा मिळत नाही. जागेवर बसल्यानं मिळते.

त्याच्या पुढच्या बाजाराला मी मुद्दाम लवकर गेले. उजाडत होतं. कांचन आधीच येऊन बसली होती. पोतं अंथरलेलं, आपल्या तुकड्यातली थोडी पालक, थोडी मेथी आणि कोथिंबीर. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं. सोनाजी आबा पोती सोडत होता. मग शोभा आली, डोक्यावर टोपली आणि मागं दिराच्या पोरीच्या हातात छत्री. ती पोरगी कांचनचीच. तिनं आईकडे पाहिलं आणि छत्री कुठं ठेवावी तेच तिला समजेना.

शोभानं टोपली खाली ठेवली नाही. डोक्यावर तशीच धरून म्हणाली, "ऊठ."

"माही जागा आहे बाई."

"होती. मी इतके बाजार बसली तं कोनाची झाली? इचार आबाले."

आता असं आहे की अशा वेळी शेजारचा जे म्हणेल ते चालतं. आबानं दोघींकडे पाहिलं. त्याला शोभा बसलेली बरी होती. तिच्यामुळे त्याच्या लसणाला गिऱ्हाइक येत होतं. पण कांचनच्या सासूनं त्याच्या शेजारी आयुष्य काढलं होतं. त्यानं हातातल्या पोत्याची सुतळी सोडवली. मग म्हणाला, "जागा बसनाऱ्याची. आज हे आधी बसली. पन तू बी बसत होती. मी सरकतो जरा. दोघीबी बसा, अर्धी अर्धी. अन् छत्री मंधात लावा, मलेबी सावली पडू द्या."

"हिच्या बाजूले बसून माह्या मालाले कोन हात लावंल?" शोभा म्हणाली. "हिचा रोग लोकाइले माहीत आहे."

कांचन पालकाच्या जुड्या लावत होती. ती तशीच, वर न पाहता, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "रोग नव्हता. पुटकुळ्या होत्या. गोळ्या खाल्ल्या मी. त्या गोळ्याइनं साल निंगाली. आता काय हासाचं तं हासून घ्या, मंग गिऱ्हाइक येते."

शोभा खरंच हसली. "पुटकुळ्या! ह्या वयात?"

"हाव. ह्या वयात."

आबाही हसला, पलीकडची मिरच्यावाली हसली. एक-दोघींनी टोमणे मारले, ते मी लिहीत नाही, अंकात शोभणार नाहीत. कांचन जुड्या लावत राहिली. थोड्या वेळानं हसायचं संपलं. लोकांना धंदाही करायचा असतो. शोभानं टोपली उतरवली आणि पोतं अर्ध्यात अंथरलं. पोरीनं छत्री मधे रोवली.

गिऱ्हाइक आधी शोभाकडेच गेलं. तिचा आवाज, तिचा मोठा माल. दुपार होईपर्यंत कांचनची मेथी सुकायला आली होती. मी तिच्याकडून घेतली, पण एकट्या बाईला मेथी लागते किती? मी कडुलिंबाखाली गुडघे चोळत बसून राहिले. उन्हात छत्रीची सावली फिरत फिरत शोभाच्या बाजूला गेली होती. कांचननं पदर पुढं ओढला.

तेवढ्यात एक बाई आली, कपड्यांवरून बऱ्या घरची. तिनं शोभाकडून वांगी घेतली, जाता जाता कांचनकडे पाहून थबकली आणि वाकून तिच्या जबड्याकडे बघत म्हणाली, "काय वं, तुह्या तोंडाचं लय झालं होतं ना? गेलं सारं. काय लावलं?"

कांचन म्हणाली, "आधी भाजी घ्या, मंग सांगते."

बाईनं मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, कोथिंबीर घेतली आणि पिशवी सावरत उभी राहिली. कांचननं तिला सांगितलं. गोळीचं नाव नाही सांगितलं, दवाखाना सांगितला. सुरुवातीला जास्त होतं म्हणाली. ओठ फाटतात, हाक मारता येत नाही. नाकातून रक्त येतं. साल निघते आणि लोक रोग म्हणतात. उन्हात बसता येत नाही, बाजार चुकतात. लेकरू व्हायचं असलं तर ती गोळी घ्यायचीच नाही. रक्त तपासावं लागतं. आणि खड्डे राहतात ते राहतातच.

"एवढं?" बाई म्हणाली.

"एवढं. जमत असंल तं जा. दारावर मावशी राह्यते, ते समजावून सांगते."

बाईनं मान हलवली. त्या मानेवरून मला लगेच कळलं, तशा माना मी दारावर बसून पुष्कळ पाहिल्या आहेत. कांचन तिच्याकडे पाहत होती आणि शोभाही भाव सांगायचं थांबून ऐकत होती.

पुढं मी काम सोडेपर्यंत ती बाई दवाखान्यात काही आली नाही. भाजीला मात्र दर बाजाराला यायची आणि कांचनकडूनच घ्यायची.